टाच खाली, गल्ली गोळा

टाचेच्या दुखण्याला मान नाही. पाठ धरली की बसायला लोड मिळतो, गुडघे गेले की लग्नात खुर्ची मिळते, छातीत नुसती कळ आली तरी पुण्याहून मुलांचे फोन सुरू होतात. टाच दुखते म्हटलं की समोरचा आधी तुमच्या चपलेकडे बघतो.

त्यातून माझी धड टाचही दुखत नव्हती. टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर, पोटरीतून उतरून येणारी ती जाड शीर दुखत होती. सकाळी पलंगावरून उतरलो की पहिली दहा पावलं भिंत धरून. मग ती जरा सैल व्हायची, आणि दिवसभर मी निरोगी माणसासारखा हिंडतोय म्हणून घरात कुणाचा विश्वास बसायचा नाही.

"ॲकिलीस टेंडन," फिजिओ मॅडमनी शीर चिमटीत धरून दाबली. "शरीरातला सगळ्यात जाड, सगळ्यात मजबूत. धावताना वजनाच्या सहा ते आठ पट भार घेतो हा."

"मी धावत नाही."

"चालता ना?"

चालत होतो. शुगर निघाल्यापासून पांझरेच्या काठाने चालत होतो. धुळ्यात पहाटे काठावर जेवढी माणसं दिसतात त्यातली निम्मी डॉक्टरने पाठवलेली असतात. चालणं एकदम वाढलं की टेंडनला जुळवून घ्यायला सवड मिळत नाही, त्यात मधुमेह म्हणजे आणखी भर, असं मॅडम म्हणाल्या. मध्यंतरी कुठली अँटिबायोटिक घेतली होती का, तेही विचारलं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधं या शिरेला बाधू शकतात म्हणे. लघवीच्या जंतूंसाठी घेतलेली गोळी टाचेत उतरते हे ऐकून मला शरीररचनेबद्दल नव्याने आदर वाटला.

"दुखणं दहापैकी किती?"

इथे आम्ही खान्देशी माणसं अडतो. 'कसा शे?' याला आमच्याकडे एकच उत्तर, 'बरा शे', आणि ते एकशे चार ताप असतानाही लागू पडतं. मी म्हटलं, "बरंय." मॅडमनी पुन्हा दाबलं. मी म्हटलं, "आठ."

यापुढे मशीन लागेल, निदान एखादी सुई तरी, अशी माझी अपेक्षा होती. सुई नाही, लाल दिवा नाही, मग फी कशाची? तर स्टिरॉइडची सुई या शिरेजवळ शक्यतो टाळतात, कारण शीर तुटायची भीती असते. मालिशने बरं वाटेल, पण काम होणार नाही. आणि आराम? तोही नाही! आरामाने ठणका बसतो, टेंडन मात्र आणखी कमजोर होतो. त्याला भार हवा. हळूहळू, रोज, न चुकता.

व्यायाम सांगितला तो असा. पायरीच्या काठावर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा हवेत. चांगल्या पायाच्या जोरावर वर जायचं. मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून पंधराचे तीन फेरे, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि दोघांचीही मर्जी सांभाळायची असते. हे सकाळ-संध्याकाळ. गुणाकार करून बघितला, दिवसाला एकशे ऐंशी. बारा आठवडे. मी बोटांवर मोजलं. रथसप्तमी नुकतीच झालेली, म्हणजे थेट आखाजी, अक्षय तृतीया.

"व्यायाम करताना दुखेल," मॅडम म्हणाल्या. "पाचपर्यंत दुखलं तर चालेल, फक्त दुसऱ्या सकाळपर्यंत शांत व्हायला हवं." दुखण्यासाठी पैसे मोजून वेळापत्रक घ्यायचा हा माझा पहिलाच प्रसंग.

या व्यायामाचा इतिहास मला फार आवडला. हाकन आल्फ्रेडसन नावाचे स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांची स्वतःचीच शीर दुखत होती. माझं ऑपरेशन करा म्हणाले, तर त्यांच्या साहेबांनी नकार दिला, कारण रजा फार पडली असती. मग हे गृहस्थ चिडले आणि शीर तुटावीच, म्हणजे झक मारत ऑपरेशन करतील, म्हणून तिच्यावर मुद्दाम भार टाकत सुटले. शीर तुटली नाही, बरी झाली. 1998 साली त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवर बारा आठवडे केलेला प्रयोग प्रसिद्ध केला आणि पंधराही जण पुन्हा धावायला लागले. जगातला एक मोठा उपचार रजा नाकारल्यामुळे जन्माला आला, हे मी आमच्या ऑफिसात मुद्दाम सांगितलं नाही.

आता पायरी. आमच्या घरात पायरी एकच, ओट्याची, आणि ओटा गल्लीत. उन्हाळ्यात आठ वाजले की फरशी अनवाणी पायाला चटका देते, म्हणजे सकाळी सहाला करायचं. नेमकी त्याच वेळी गल्ली जागी होते. दूधवाला, नळाला पाणी आलं का बघणाऱ्या बाया, आणि नाना.

"काय ऊठबस करी राहिना भो?" नानांनी सायकल टेकवली.

सांगितलं.

"पाय दुखस ना? मंग काब्र त्याले नाचाडी राहिना?"

या प्रश्नाला बारा आठवड्यांचं उत्तर आहे आणि नानांना ते दूध उतू जायच्या आत हवं होतं. त्यांनी स्वतःच निकाल दिला: रुईचं पान, गरम करून, तेल लावून. दूधवाल्याचं मत बिब्ब्याचा चटका. कोपऱ्यावरच्या घरातून नस बसवणाऱ्या बाबांचा मोबाइल नंबर आला. मी फेऱ्यात बाराव्यावर होतो. प्रत्येक सल्ल्याला मान डोलवायची तर तोल जातो, आणि न डोलवावी तर माणूस गर्विष्ठ.

समोरच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, मावशी आणि तिच्या लेकी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. त्या वरून मोजायच्या, मी खालून. माझे सात झाले की वरून "नऊ!" यायचं, आणि मला खात्री आहे, त्यांच्या बिबड्यांचा हिशेबही माझ्यामुळे चुकला. या शिरेला ज्याचं नाव आहे त्या ग्रीक वीराची, ॲकिलीसची, गोष्ट मी मावशीला एकदा सांगितली. आईने टाच धरून बाळाला स्टिक्स नदीत बुडवलं, सगळं अंग अभेद्य झालं, हातात धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली आणि पुढे तिथेच बाण लागला. मावशीला गोष्टीतलं युद्ध, देव, काहीच भिडलं नाही. तिचं एवढंच म्हणणं की त्या बाईने दुसरा पाय धरून परत बुडवायला हवं होतं. बिबडासुद्धा आम्ही उलटून वाळवतो. ग्रीकांना हे कुणी विचारलं होतं की नाही, मला माहीत नाही. तोवर मी कितव्या फेऱ्यात आहे हे मात्र मी विसरलो होतो.

दुखणं पाचावरून तीनावर आलं तशी मॅडमनी पाठीवर वजन घ्यायला सांगितलं. पाच किलो. घरात दादर ज्वारी होती. ती मुलाच्या जुन्या दप्तरात भरली, दप्तर पाठीला, आणि मी पायरीवर. बायको म्हणाली, "अहो, निदान त्यावरचा कार्टूनचा चेहरा भिंतीकडे करा." पण पाठ भिंतीकडे केली तर तोंड गल्लीकडे येतं. हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या बाहेरचा आहे.

पुढे पुढे गल्लीची सवय झाली. कुणी विचारेना. उलट एक दिवस लग्नाला गेलो तर नाना घरी विचारायला आले की सरांचं बरं आहे ना, आज पायरीवर दिसले नाहीत. तेच नाना नंतर संध्याकाळी अंधार पडल्यावर आले आणि हळूच म्हणाले, "मनी बी टाच दुखस." मी दाबून बघितलं. त्यांचं दुखणं थेट शीर हाडाला चिकटते तिथे होतं, आणि तिथल्या दुखण्याला टाच पायरीच्या खाली उतरवायची नसते, सपाट जमिनीपर्यंतच ठेवायची, हे मॅडमकडून ऐकलेलं. म्हटलं, आधी त्यांना दाखवून घ्या. नाना म्हणाले, बघू, आधी रुईचं पान लावून बघतो.

आखाजीच्या आधी मॅडमनी तपासलं. सकाळची पहिली दहा पावलं भिंतीशिवाय होत होती. त्या खूश झाल्या आणि पुढची पायरी सांगितली: आता उड्या. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर.

घरी येऊन ओट्यासमोर पहिली उडी मारायला उभा राहिलो, तोच वरून मावशी ओरडली, की भाऊ, उड्या मारशील तर दुपारनंतर मार, धूळ उडते, बिबडे अजून ओले शेत.