चवदार तळ्याचा खटला आणि आपल्या घराचे कागद

२० मार्च आला की सगळ्यांच्या वॉलवर चवदार तळ्याचे फोटो येतात. यायलाच हवेत. पण महाडची गोष्ट आपण ओंजळीपाशी थांबवतो, हे मला पटत नाही. ओंजळ १९२७ सालची; अस्पृश्यांना बंद असलेल्या त्या तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हा प्यायलं. त्या पाण्यावरचा हक्क मुंबई हायकोर्टात कायम झाला तो १७ मार्च १९३७ ला. मधली जवळजवळ दहा वर्षं जे भांडण चाललं, त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता: ही जागा नेमकी कुणाच्या मालकीची?

क्रम आठवून पाहा. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला, तो मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्ष पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला! डिसेंबरात सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. म्हणणं काय, तर तळं सार्वजनिक नाहीच, ती आजूबाजूच्या घरवाल्यांची खाजगी मालमत्ता आहे. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. त्यामुळे २५ डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्यावर जाणं तहकूब करावं लागलं. पुढे महाड, मग ठाणे, मग हायकोर्ट. मालकी नगरपालिकेची ठरली आणि ‘अनादि काळापासूनची वहिवाट’ वादींना सिद्ध करता आली नाही.

घर घ्यायला निघालेल्या माणसाने हा खटला म्हणूनच लक्षात ठेवावा. विशेषतः घराण्यात पहिल्यांदाच घर विकत घेणाऱ्याने. कारण ज्याच्या घरात आधी कुणी खरेदीखत पाहिलेलं नाही, त्याला एजंट सांगेल ते खरं वाटतं. आणि आपल्याकडे हिशेब असा की, टाइल्सचा रंग चार वेळा बघायचा आणि सातबारा एकदाही नाही.

तर आधी सातबारा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा, आपला ताजा काढा. वरच्या बाजूला ‘भूधारणा पद्धती’ असते, पहिली नजर तिथे. ‘भोगवटादार वर्ग १’ म्हणजे मालकाला विकायला साधारणपणे मोकळीक. ‘वर्ग २’ म्हणजे जमीन शर्तीवर दिलेली, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. मग डावीकडची नावं. ज्या नावावर आडवी रेघ मारलीय (जुन्या उताऱ्यांत कंस केलाय) ते कमी झालेलं. त्यानंतर उजवीकडचा रकाना, ‘कुळ, खंड व इतर अधिकार’. बहुतेकांची नजर इथे पोचतच नाही आणि फसवणूक बहुधा इथेच दडलेली असते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क, कोर्टाचा दावा, सगळं याच रकान्यात. प्रत्येक नोंदीशेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक असतो. तो फेरफार काढून वाचा, म्हणजे नोंद का झाली ते कळतं. खाली ‘प्रलंबित फेरफार’ असा मजकूर असतो. तिथे ‘नाही’ नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

याच रकान्यात किंवा जुन्या फेरफारांत कधी ‘महार वतन’ किंवा ‘नवीन अविभाज्य शर्त’ दिसेल. इथे जरा थांबतो. गावकामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनी म्हणजे वतन. कनिष्ठ गाव वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना पुन्हा दिल्या गेल्या, पण शर्तीवर. बाबासाहेबांनी वतनाच्या गुलामीविरुद्ध १९२८ सालीच कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. राबणूक सुटली, शर्त राहिली. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय आणि नजराणा (शासनाला द्यायची रक्कम) भरल्याशिवाय विकली तर तो शर्तभंग, आणि शासन जमीन परत घेऊ शकतं. शहर गावाला येऊन भिडलं की याच जमिनी साठेखत (पुढे विकण्याचा करार), कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) असल्या कागदांवर कवडीमोलाने उचलल्या जातात, वर प्लॉट पडतात आणि ते तुमच्या-माझ्यासारख्यांनाच विकले जातात. लुबाडला जाणारा वतनदार आपला आणि फसणारा खरेदीदारही आपलाच. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर महसूल कायद्याचं कलम ३६अ आडवं येतं, तिथेही परवानगीशिवाय व्यवहार टिकत नाही.

प्लॉट घेताय तर बिनशेतीचा आदेश मागा. बिनशेती झालेल्या क्षेत्राच्या सातबाऱ्यावर ‘गाव नमुना १२ ची आवश्यकता नाही’ असा शेरा दिसतो. तो नसेल आणि गुंठ्याच्या भावाने ‘एन.ए. (बिनशेती) होतंय’ सांगत असतील, तर ‘झाल्यावर या’ म्हणावं. नोटरीच्या कागदाने जमिनीची मालकी येत नाही. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावरची विक्री म्हणजे विक्री नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. तरी लोक घेतात, कारण स्वस्त मिळतं!

गावठाणातल्या घरांची गोष्ट वेगळी. वस्तीतल्या अनेक घरांकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ एवढाच कागद असतो. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीहक्काचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक मिळतंय. तुमच्या गावात चौकशीची नोटीस लागली की हजर राहा. त्या दिवशी गैरहजर राहिलात तर आजोबांच्या ओट्यावर शेजाऱ्याचं नाव चढायला वेळ लागत नाही, आणि ते उतरवायला अपिलं करत बसावं लागतं. शहरात सातबाऱ्याच्या जागी हेच मालमत्ता पत्रक पाहायचं.

मागचा माग काढायचा तो तीस वर्षांचा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधता येते, जुने दस्त दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. वकिलाला शोध अहवाल द्यायला सांगा आणि तो वकील तुमचा असू दे, बिल्डरने ‘फुकट’ दिलेला नको. जुन्या फ्लॅटच्या बाबतीत पहिल्या करारापासून तुमच्या विक्रेत्यापर्यंतचे सगळे करार मूळ स्वरूपात पाहायचे. मधला एखादा ‘हरवला’ असेल तर तो बहुधा कुठल्या तरी बँकेच्या तिजोरीत असतो.

नवीन इमारतीचं थोडक्यात सांगतो. जागा ५०० चौरस मीटरच्या वर आणि घरंही आठच्या वर असतील तर महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी सक्तीची. क्रमांक टाकून संकेतस्थळावर मंजूर नकाशा, बोजा, चालू दावे आणि पूर्णत्वाची तारीख बघा. तीच तारीख करारात आहे ना, तेही बघा. नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. भाव चटई क्षेत्रावर (कार्पेट एरियावर) ठरवा, ‘सुपर बिल्टअप’ हा शब्द कानाआड करा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगी देणारा कागद, हवा. ते नसताना ताबा घेतलेल्या इमारती पाण्याच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षं टँकर मोजत बसतात. जुन्या सोसायटीत विचारा की जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का. नसेल तर इमारत तुमची आणि जमीन अजून बिल्डरची. बिल्डर करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, पण तो तुम्हाला चालावा लागेल, हे धरून भाव करा.

पैशांत लोक कुठे अडकतात? ‘बँक ८० टक्के देते’ इथे. पुण्यात बांधकाम चालू असलेला ५० लाखांचा फ्लॅट घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्के मर्यादा, म्हणजे ४० लाख. उरलेले १० तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी साडेतीन लाख, नोंदणी फी ३० हजार, जीएसटी ५ टक्क्यांनी अडीच लाख. हे खर्च बँक सहसा किमतीत धरत नाही. झाले १६ लाख ३० हजार रोख. दहा लाख जमवून निघालेला माणूस टोकन देऊन बसतो, मग उरलेल्यासाठी वैयक्तिक कर्ज काढतो, आणि त्या हप्त्यामुळे गृहकर्जाची पात्रता घसरते. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विक्रीला आलेल्या घराला जीएसटी नाही. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, या उदाहरणात ५० हजार. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती जाते. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याच्या पैशातून १ टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी तुमची, हे विसरलात तर नोटीस तुम्हाला.

आता ज्याबद्दल पोस्टखाली कुणी बोलत नाही ते. पैसे आहेत, कागद स्वच्छ आहेत आणि तरी घर मिळत नाही. १९१७ साली कोलंबियाहून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. आज नकार सभ्य असतो. एजंट आधी आडनाव विचारतो, मग ‘मूळ गाव कुठलं’, मग ‘सोसायटी व्हेज आहे’, मग ‘मालकाचा विचार बदलला’.

नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चं कलम ४ काढून वाचा. विहीर, तळं, पाणवठा वापरू न देणं आणि कुठल्याही वस्तीत घर बांधू, घेऊ किंवा त्यात राहू न देणं, हे दोन्ही त्याच एका कलमात गुन्हे आहेत. चवदार तळं आणि तुमचा टू बीएचके एकाच यादीत! शिवाय कलम १२ सांगतं की पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं कोर्ट गृहीत धरेल, उलट सिद्ध करायचं ते समोरच्याने. शिक्षा किरकोळ आहे, एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. पण गुन्हा नोंदवायला आधी नकार सिद्ध व्हायला हवा, म्हणून बोलणी फोनवर संपवू नका. ‘आपण घर देत नाही असं कळवलंत, कारण कळवावं’ एवढा मेसेज लिहून पाठवा.

मात्र मुस्लिम किंवा इतर धर्माच्या खरेदीदाराला खाजगी मालकाने नाकारलं तर हा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा कामाला येत नाही. संविधानाचं कलम १५(१) राज्यसंस्थेला बांधतं, खाजगी घरमालकाला नाही. आणि एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारी गृहनिर्माण संस्थेची उपविधी (अंतर्गत नियम) सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात वैध ठरवली. माझ्या मते घरांच्या व्यवहारातला भेदभाव थेट रोखणारा कायदा नसणं ही आपल्या नागरी हक्कांतली सगळ्यात मोठी भोकं पडलेली जागा आहे, आणि २० मार्चच्या भाषणांत तिचा उल्लेख व्हायला हवा.

सोसायटीने अडवलं तर उपाय आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतराला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागत नाही, विकणाऱ्याने १५ दिवसांची सूचना द्यायची असते. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफर फी) जास्तीत जास्त २५ हजार. ‘देणगी’ म्हणून वर मागतील, द्यायची नाही. सभासदत्वाचा अर्ज पोच घेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सहकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तुम्ही मानीव सभासद, म्हणजे आपोआप सभासद झालात असं धरलं जातं. अर्जच घेत नसतील तर तो उपनिबंधकांकडे द्या, ते सोसायटीकडे पाठवतात. लेखी नकार आला तर कलम २३ खाली उपनिबंधकांकडेच अपील, दोन महिन्यांच्या आत. सचिव ‘मीटिंग झाल्यावर बघू’ म्हणतो ते याच मुदतीसाठी. शिक्क्याची प्रत हातात असली की तीन महिने तुमच्या बाजूने मोजले जातात, नसली की अर्ज कधी आलाच नव्हता.

शेवटी, जमीन किंवा बंगला घेतलात तर खरेदीखत झालं म्हणून मोकळे होऊ नका. फेरफाराची नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. महिनाभराने नवा उतारा काढा. नाव, क्षेत्र, गट नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघा. लेखनाची चूक असेल तर तहसीलदारांकडे कलम १५५ चा अर्ज, सोबत सूची २ ची प्रत.