हलगी कुणी वाजवली ते सांगा की!

शुक्रवार आला की नवी गाणी ऐकायची आणि डोकं फिरवून घ्यायचं, असं चाललंय. गाणी वाईट नाहीत हो! परवा एका नव्या लावणीत ढोलकीचा असा तोडा आला की अंगावर सर्रकन काटा. वाजवणारा कोण? ॲपवर बघितलं: गायिका, संगीतकार, कंपनी. संपलं. रॅपवाल्यांचं तेच. आमच्या हलगी-घुमक्याचा ठेका घ्यायचा, त्यावर अख्खं गाणं उभं करायचं आणि हलगीवाल्याचं नाव कुठंच नाही! सिनेमाच्या गाण्यांचं तर बोलायलाच नको. पण शास्त्रीय गाण्यात, ख्यालाच्या नव्या ध्वनिमुद्रणातही तबला आणि हार्मोनियमवाले गायब? हे मात्र सहन होत नाही. थोर ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात मानानं ठेवलं, ते हे कोल्हापूर. इथं घरगुती बैठकीतसुद्धा साथीदारांची नावं आधी सांगतात. जुन्या एलपी रेकॉर्डच्या कव्हराच्या पाठीवर बोटभर जागेत तबलजी, सारंगिये छापलेले असायचे. आता जागेची अडचण तरी कुठं आहे? एक ओळ टाईप करायला काय जातंय? बोटं सुजेपर्यंत रियाज केलाय त्या माणसानं. नाव लिहा की राव त्याचं!