पाणी मऊ नसतं

कोकणात किंवा धरणावर सीप्लेनची चर्चा निघाली की एक मजकूर फिरायला लागतो: ‘सगळ्यात सुरक्षित विमान. इंजिन बंद पडलं तरी खाली मऊ पाणी आणि न संपणारी धावपट्टी. न्यूयॉर्कच्या हडसन नदीत इंजिनं बंद पडून उतरलेल्या विमानातले नाही का सगळे वाचले?’ यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट असतं. नाक जरा जास्त खाली गेलं, की हेच मऊ पाणी विमानाला जागच्या जागी धरतं.

त्याहून मोठा धोका चाकांचा. जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणाऱ्या विमानांची चाकं आतबाहेर होतात. धावपट्टीवर ती काढायची राहिली तर पोट घासतं, माणसं बहुधा चालत बाहेर येतात. पाण्यावर ती बाहेर राहिली तर टेकताक्षणी पाण्यात रुततात आणि विमान पालथं होतं. वैमानिकाच्या अंगात मुरलेली सवय मात्र ‘उतरण्याआधी चाकं खाली’ हीच असते. विमानतळावरून उडाल्यावर चाकं आत घ्यायची राहिली आणि थोड्याच वेळात धरण आलं, एवढं पुरतं. म्हणून दर वेळी मोठ्याने म्हणायचं असतं: ‘पाण्यावर उतरतोय, चाकं वर आहेत.’

‘पाणी शांत असेल तर काय भीती?’ उलट, आरशासारख्या पाण्यावर उंचीचा अंदाजच येत नाही. अशा वेळी काठाच्या जवळून, नाक किंचित वर ठेवून, इंजिनाच्या जोरावर मिनिटाला जेमतेम 150 फूट या वेगाने खाली यावं लागतं.

राहिलं हडसन. 15 जानेवारी 2009 ला ते मोठं एअरबस विमान सरळ तरंगत राहिलं, फेरीबोटी काही मिनिटांत पोचल्या, 155 जण वाचले. लहान सीप्लेन बऱ्याचदा उलटं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅनडातल्या सॅटर्ना बेटाजवळ एक सीप्लेन उड्डाण घेताच पाण्यात कोसळलं; आठपैकी सहा जण बुडून गेले. त्यानंतर तिथल्या तपास यंत्रणेने मागणी केली ती पाण्यात आदळल्यावरही झटकन बाहेर पडता येईल अशा दारांची, आणि प्रवाशांनी तरंगण्याचं जॅकेट अंगावरच घालण्याची. सीटखालचं जॅकेट उलट्या केबिनमध्ये शोधणार कसं? आणि ते आतच फुगवलं तर माणूस वर ढकलला जातो, दार खाली राहतं. 1996 मध्ये कोमोरोसजवळ समुद्रात पडलेल्या इथिओपियन विमानात अनेकांचा जीव असाच गेला.