सही केली म्हणजे कायमचं दिलं का?

सुपरमॅनच्या हक्कांचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. तो थोडक्यात असा: "जेरी सीगल आणि जो शुस्टर या निर्मात्यांनी सुपरमॅन १३० डॉलरला विकला. स्वतःच्या हाताने सही केली. धोका प्रकाशकाने पत्करला, पैसा त्याने लावला. पात्र चाललं तेव्हा हे दोघे आणि नंतर त्यांचे वारस हक्क मागत आले. शिवाय ते पगारी कामच होतं. कॉपीराइट कायदा मालमत्ता जपण्यासाठी आहे, विकून पस्तावलेल्यांसाठी नाही."

मी चित्रकार आहे, दिवाळी अंकांसाठी पानं काढते. त्यामुळे हे वाचून राग येतो, हे आधीच सांगते. पण यातले बरेच मुद्दे वस्तुस्थितीला धरून नाहीत, आणि सांगायचं आहे ते त्याबद्दल.

सहीपासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. सही झाली हे खरं आहे. मार्च १९३८, दोघेही २३ वर्षांचे, क्लीव्हलँडची मुलं. तेरा पानांची कथा, पानाला दहा डॉलर. त्याआधी काही वर्षं ते हे पात्र घेऊन वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या कंपन्यांचे उंबरे झिजवत होते आणि नकार घेऊन परतत होते. त्या दिवशी या पात्राची किंमत काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि प्रकाशकालाही नव्हतं. छापून, विकून, लोकांनी डोक्यावर घेतल्याशिवाय ते कळणं शक्यच नसतं.

कायद्याला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्लंडचा १७१० चा कायदा, ज्याला आधुनिक कॉपीराइटची सुरुवात मानतात, तो १४ वर्षांची मुदत देत होता. ती संपल्यावर लेखक हयात असेल तर पुढची १४ वर्षं त्याच्याकडे परत येत. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यातही २८ वर्षं आणि नूतनीकरणाची आणखी २८, अशी दोन टप्प्यांची रचना होती. पहिल्या विक्रीत फसगत झाली तर दुसऱ्या टप्प्यात लेखकाला पुन्हा सौदा करता यावा, हा त्यामागचा विचार. पण १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की दुसऱ्या टप्प्याचा हक्कही लेखक आगाऊ लिहून देऊ शकतो. मग काय, दोन्ही टप्पे एकाच करारात लिहून घेणं सर्रास होऊ लागलं.

१९७६ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. १९७८ पूर्वीची हक्कांची हस्तांतरणं कॉपीराइट सुरू झाल्यापासून ५६ वर्षांनी, आणि १९७८ पासून लेखकाने केलेली ३५ वर्षांनी, लेखक किंवा त्याचे वारस नोटीस देऊन संपवू शकतात, करारात याउलट काहीही लिहिलेलं असलं तरी. तेव्हाच्या संसदीय अहवालात कारणही स्पष्ट आहे: सौदा करताना लेखकाची बाजू दुबळी असते, कारण कृतीचा वापर होईपर्यंत तिचं मोल ठरवता येत नाही. म्हणजे "सही केली होती ना?" हा प्रश्न कायदा लिहिणाऱ्यांसमोर होताच. त्याचं उत्तर म्हणूनच त्यांनी ही तरतूद लिहिली.

आता धोक्याचा मुद्दा. प्रकाशकाने कागद, छपाई, वितरण यांत पैसा घातला, त्याचा मोबदला त्याला मिळायला हवा, यावर माझा वाद नाही. पण त्याने विकत घेतलं काय? १९३८ साली कायद्यात जास्तीत जास्त मुदत ५६ वर्षांची होती. म्हणजे सगळं धरूनही १९९४ पर्यंतचा हक्क. पुढे १९७६ मध्ये जुन्या कृतींची मुदत ७५ वर्षं झाली आणि १९९८ मध्ये ९५, म्हणजे २०३३ अखेरपर्यंत. ही वरची ३९ वर्षं कोणी विकत घेतली? कोणीच नाही. त्यांच्यासाठी कोणी धोका पत्करला नाही, कोणी दमडी मोजली नाही. ती कायदेमंडळाने दिलेली देणगी आहे. जमिनीचा भाडेपट्टा ५६ वर्षांचा असावा, सरकारने मुदत ९५ केली, आणि भाडेकरूने म्हणावं की वाढीव वर्षं माझीच, मी सही घेतलीय. हे कोणाला पटेल? ती वर्षं मागण्याचा हक्क कायद्याने लेखकाला आणि त्याच्या कुटुंबाला दिला. सीगलच्या कुटुंबाने १९९७ मध्ये नोटीस दिली ती याच हक्काने. याला हावरटपणा म्हणणाऱ्यांनी ही ३९ वर्षं एकदा मोजावीत.

आणि ती मागून प्रकाशक देशोधडीला लागत नाही. ट्रेडमार्क त्याच्याकडे राहतो, अमेरिकेबाहेरचे हक्क राहतात, आधी तयार केलेले चित्रपट आणि अंक तो पुढेही वापरू शकतो.

"न्यायालयाने शेवटी प्रकाशकाच्याच बाजूने निकाल दिला" असंही ऐकवतात. हे अर्धवट आहे. २००८ मध्ये खालच्या न्यायालयाने पहिल्या कथेच्या कॉपीराइटमधला सीगलचा वाटा कुटुंबाकडे परत आल्याचं मान्य केलं होतं. २०१३ मध्ये वरच्या न्यायालयाने कुटुंबाविरुद्ध निर्णय दिला तो २००१ मध्येच नवी तडजोड झाली होती या कारणाने. १९३८ ची सही अटळ आहे, असं तिथे ठरलेलं नाही.

मधल्या काळात या दोघांचं काय झालं तेही या युक्तिवादात कधी येत नाही. १९४७ मध्ये त्यांनी दावा लावला, पुढच्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरवर मिटवला, आणि नंतर सुपरमॅनच्या अंकांवरून त्यांची नावंच गेली. १९७५ मध्ये शुस्टर जवळजवळ दृष्टिहीन झाले होते, सीगल कारकुनी करत होते. चित्रकार नील अॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन यांनी जाहीर आवाज उठवला तेव्हा कंपनीने वार्षिक रक्कम आणि श्रेय मान्य केलं. बॅटमॅनचे सहनिर्माते बिल फिंगर यांना तेही जिवंतपणी मिळालं नाही. १९७४ मध्ये ते गेले आणि अधिकृत श्रेय २०१५ मध्ये आलं.

"ते पगारी काम होतं" हा मुद्दा जॅक कर्बींच्या बाबतीत जास्त ऐकू येतो. चित्रकार कर्बी मार्व्हल या कॉमिक्स कंपनीसाठी घरी बसून पानं काढायचे, कागद-पेन्सिल स्वतःची, पगार नाही, भत्ता नाही, मोबदला पानावर. तरीही २०१३ मध्ये न्यायालयाने १९५८ ते १९६३ मधलं त्यांचं काम 'कंपनीच्या सांगण्यावरून आणि खर्चाने' झालेलं, म्हणजे पगारी कामासारखंच, मानलं आणि हक्क परत मागणारे वारस हरले. तो निकाल मला चुकीचा वाटतो: नोकरी नसल्याची जोखीम चित्रकाराची आणि मालकी मात्र कंपनीची, हे एकाच माणसावर दोन्हीकडून लादणं आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना २०१४ मध्ये मार्व्हलने तडजोड केली.

निर्मात्यांना हक्क दिले तर उद्योग बुडेल म्हणावं, तर निन्जा टर्टल्स ही चित्रकथा १९८४ मध्ये दोन चित्रकारांनी स्वतःच छापली, आणि १९९२ मध्ये मार्व्हल सोडून गेलेल्या चित्रकारांनी इमेज कॉमिक्स ही प्रकाशन कंपनी काढली, जिथे पात्र निर्मात्याचंच राहतं. दोन्ही चालली.

राहिला कायद्याचा हेतू. अमेरिकेच्या राज्यघटनेतलं कलम ज्ञानाच्या प्रगतीसाठी, मर्यादित काळापुरता हक्क द्यायला सांगतं, आणि तो 'लेखकांना' द्यायला सांगतं. प्रकाशकाचं नाव त्यात नाही.

आपल्याकडे काय? भारतात ३५ वर्षांनी हक्क परत घेण्याची तशी सोय नाही, पण १९५७ चा कायदा वाचला की मराठी चित्रकाराला धीर येतो. कलम १७ प्रमाणे वृत्तपत्राच्या किंवा मासिकाच्या नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे फक्त नियतकालिकातल्या प्रकाशनापुरता जातो. बाकी सगळा चित्रकाराचा. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवं, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही 'हे माझं आहे' म्हणण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो.

मला हे उशिरा कळलं. एका अंकासाठी काढलेली माझी पानं चार वर्षांनी एका पुस्तकात नावाशिवाय सापडली. विचारलं तर उत्तर आलं, "मानधन दिलं होतं ना?" लेखी काहीच झालेलं नव्हतं, हे तेव्हा मला सुचलंही नाही. या वर्षीच्या कामाचं पत्र आलं तेव्हा मी एक ओळ घालून परत पाठवलं: एका अंकापुरता वापर, नावासह. संपादकांनी तासाभरात सही करून धाडलं.