एटीपीतली ऊर्जा बंधात नसते : एका आक्षेपाला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सावकाश, दोनदा वाचली. एटीपीवरच्या, म्हणजे पेशीतली कामं चालवणाऱ्या तीन फॉस्फेटांच्या रेणूवरच्या, माझ्या लेखात मी लिहिलं होतं, की ‘फॉस्फेटचा बंध तुटतो आणि त्यातली ऊर्जा मोकळी होते’ हे वाक्य चुकीचं आहे. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. ज्युनिअर कॉलेजात तुम्ही ‘ऊर्जासंपन्न बंध’ शिकवता, प्रश्नही त्यावरच येतात, आणि परीक्षा तोंडावर असताना मी मुलांच्या डोक्यात गोंधळ घालते आहे, हा पहिला. श्वसनात एका ग्लुकोजपासून 38 एटीपी मिळत असताना मी 30 ते 32 लिहिले, हा दुसरा. आणि एटीपीच्या शोधाचं श्रेय एकट्या कार्ल लोमान यांना देऊन मी येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना विसरले, हा तिसरा. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘फ्रीजरमधल्या एटीपीच्या बाटलीत ऊर्जा नसते, असं म्हणायचंय का?’

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे आणि चूक माझी आहे. भीमावरमला जन्मलेले सुब्बाराव हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करत होते. फॉस्फरस मोजायची त्यांची रीत 1925 साली प्रसिद्ध झाली. द्रावण निळं होतं आणि निळा जितका गडद तितका फॉस्फेट जास्त. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला आम्ही ‘फिस्क-सुब्बाराव’ करायचो, तो निळा रंग अजून डोळ्यांसमोर आहे. तरीही लेख लिहिताना त्यांचं नाव सुटलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. स्नायूच्या अर्कात हा रंग अपेक्षेपेक्षा हळू चढतो, हे या दोघांच्या लक्षात आलं. म्हणजे फॉस्फेट मोकळा नव्हता, कशाला तरी जोडलेला होता आणि हळूहळू सुटत होता. त्यातून 1927 साली फॉस्फोक्रिएटिन हे स्नायूतलं फॉस्फेटयुक्त संयुग सापडलं. 1929 साली लोमान यांनी जर्मनीत आणि फिस्क-सुब्बाराव यांनी अमेरिकेत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, स्नायूतून एटीपी वेगळं काढलं.

38 च्या आकड्यावर फार वेळ घालवत नाही. ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूंपैकी एका एनएडीएचमागे 3 आणि एका एफएडीएच2 मागे 2 एटीपी धरून तो आकडा येतो. हे पूर्णांक हिशेबाच्या सोयीचे होते. किती प्रोटॉन तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) पटलापार ढकलले जातात आणि एका एटीपीला किती लागतात हे मोजल्यावर ते साधारण 2.5 आणि 1.5 वर आले, म्हणून बेरीज 30 ते 32. परीक्षेत 38 विचारलं तर मुलांनी 38 लिहावं, माझी काहीच हरकत नाही. इथे आकडा बदलला तरी समज बदलत नाही.

बंधाच्या बाबतीत मात्र समजच उलटी होते, म्हणून तिथे मी मागे हटणार नाही. गोंधळ मी घातला असं तुम्ही म्हणता, पण सर, तो आधीपासूनच आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, ‘मॅडम, केमिस्ट्रीच्या तासाला शिकवतात की बंध तोडायला ऊर्जा लागते आणि बनताना ती बाहेर पडते. पुढच्याच तासाला बायोलॉजीत बंध तुटला की ऊर्जा सुटते. मग खरं काय?’ तिला आधी कुणीतरी सांगितलं होतं, की ज्या विषयाचा पेपर असेल त्याचं उत्तर लिही. हे ऐकून मला फार त्रास झाला. निसर्गात दोन रसायनशास्त्रं नाहीत, हे त्या वयात मुलांना कळायलाच हवं.

केमिस्ट्रीचा तास बरोबर आहे. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते, एटीपीतला शेवटच्या फॉस्फेटचा बंधही त्याला अपवाद नाही. मग जलअपघटनात, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया होऊन एटीपी फुटताना, ऊर्जा कुठून मिळते? पूर्ण देवघेव पाहा. एटीपीतला एक बंध तुटतो, पाण्यातला एक तुटतो, आणि त्यांच्या जागी एडीपीत (एक फॉस्फेट गेल्यावर उरलेल्या रेणूत) आणि फॉस्फेटमध्ये नवे बंध बनतात. एटीपीच्या शेपटीवर जवळजवळ चार ऋण प्रभार दाटीवाटीने बसलेले असतात आणि एकमेकांना दूर ढकलत असतात. फॉस्फेट सुटला की ही दाटी कमी होते. सुटलेल्या फॉस्फेटमधले इलेक्ट्रॉन जास्त मोकळेपणाने पसरू शकतात, आणि त्याच्याभोवती पाण्याचे रेणू अधिक चांगले बसतात. हा सगळा जमाखर्च मांडल्यावर प्रमाण परिस्थितीत मोलमागे सुमारे 30.5 किलोज्यूल मुक्त ऊर्जा, म्हणजे काम करून घेता येईल अशी ऊर्जा, हाती येते. ती संपूर्ण अभिक्रियेची असते, एकट्या बंधाची नव्हे.

पण माझ्या दृष्टीने हा अर्धाच मुद्दा झाला. 30.5 हा आकडा जिवंत पेशीतला नाहीच. पेशीत तो 50 च्या आसपास असतो. रेणू तोच, बंध तोच, मग वीसेक किलोज्यूल वाढले कुठून?

इथे तुमची फ्रीजरमधली बाटली घेऊ. त्यातलं एटीपी पाण्यात विरघळवा आणि त्याचं जलअपघटन करणारं विकर (एन्झाइम) त्यात टाका. आता थांबा. अभिक्रिया समतोलाला पोचेल, म्हणजे दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चालू लागेल, तेव्हा जवळजवळ सगळ्याचं एडीपी आणि फॉस्फेट झालेलं असेल, कोटीत एखादा रेणू एटीपीचा उरेल. त्या उरलेल्या रेणूंमध्ये तोच ‘ऊर्जासंपन्न बंध’ आहे, त्याच्या रचनेत तसूभर फरक पडलेला नाही. पण त्या द्रावणाकडून तुम्हाला कणभरही काम करून घेता येणार नाही. ऊर्जा बंधात साठवलेली असती, तर त्या उरलेल्या रेणूंमध्ये ती असायला हवी होती.

सोसायटीत गच्चीवर एक टाकी असते आणि एक खाली जमिनीत. दोन्हींतलं पाणी सारखंच. गच्चीवरच्या पाण्याने नळ चालतो, कारण पंपाने ते वर चढवलेलं असतं. पेशीतलं एटीपी हे गच्चीवरचं पाणी आहे. तिथे एटीपी एडीपीच्या कित्येक पट असतं. समतोलात जे प्रमाण असायला हवं, त्यापासून पेशी कोट्यवधी पटींनी दूर उभी असते. वरचे वीसच काय, सगळे पन्नास किलोज्यूल या अंतरातूनच येतात. आणि हे अंतर टिकवायला पंप क्षणभरही थांबून चालत नाही. श्वसन म्हणजे तो पंप. दिवसाला 2000 किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाचा हिशेब करून बघा. त्यातला चाळीस टक्के भाग एटीपी बनवण्यात जातो असं धरलं आणि मोलमागे 50 किलोज्यूलने भागलं, तर दिवसाकाठी तीस-चाळीस किलो एटीपी बनतं. अंगात एका वेळी असतं जेमतेम शंभर ग्रॅमच्या आत. म्हणजे तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा खाली येतो आणि परत वर चढवला जातो. याला साठा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. साठा म्हणजे यकृतातलं ग्लायकोजेन, पोटावरची चरबी.

सुब्बारावांचं फॉस्फोक्रिएटिन इथे अगदी चपखल बसतं. जोरात पळताना स्नायूतलं एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल इतकंच असतं. प्रत्यक्षात ते फारसं उतरत नाही, कारण फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट एडीपीला देऊन ते लगेच भरून काढतं. ते राखतं काय, तर एटीपी आणि एडीपी यांच्यातलं तेच अंतर.

आता स्नायू आकुंचन पावतो तेव्हाचं पाहा, कारण ‘बंध तुटला आणि झटका बसला’ हे चित्र सगळ्यात जास्त तिथेच रंगवलं जातं. मायोसिन आणि ॲक्टिन ही स्नायूतल्या तंतूंची प्रथिनं; मायोसिनचं डोकं ॲक्टिनला धरून बसलेलं असतं. एटीपी येऊन नुसतं चिकटलं की पकड सुटते. मग बंध तुटतो, आणि डोकं मागे ताणलं जाऊन सज्ज होतं. एडीपी आणि फॉस्फेट दोन्ही अजून आतच बसलेले असतात. डोकं पुन्हा ॲक्टिनला धरतं, आणि फॉस्फेट बाहेर पडण्याच्या टप्प्याशी जोडून तो झटका येतो. बंध तुटण्याच्या क्षणी काहीच ओढलं जात नाही. मृत्यूनंतर अंग ताठरतं, त्यामागेही हेच आहे. एटीपी संपलं की पकड सोडवायला कुणी उरत नाही.

उलट्या दिशेचा पुरावा मला याहून सुंदर वाटतो. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात एटीपी बनवणारं प्रथिन असतं. तो बंध ‘ऊर्जासंपन्न’ असेल, तर तो बनवतानाच ऊर्जा ओतावी लागेल, अशी अपेक्षा होती. पॉल बॉयर यांनी दाखवलं, की प्रथिनाच्या खोबणीत एडीपी आणि फॉस्फेट एकदा घट्ट बसले, की एटीपी जवळजवळ फुकट बनतं. तिथे दोन्ही बाजू साधारण समसमान असतात. ऊर्जा लागते ती बनलेलं एटीपी खोबणीतून सोडवायला. पीटर मिचेल यांनी 1961 साली मांडलं होतं त्याप्रमाणे प्रोटॉन पटलातून आत उतरतात, त्यांच्या ओघाने प्रथिनाचा मधला दांडा फिरतो आणि खोबण्यांचा आकार बदलतो. जॉन वॉकर यांनी 1994 साली गाईच्या हृदयातल्या या प्रथिनाची रचना उलगडली, आणि 1997 साली जपानी संशोधकांनी त्या दांड्याला ॲक्टिनचा तंतू चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना दाखवला. बॉयर आणि वॉकर यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. वर्गात हे सांगताना आजही माझा आवाज चढतो.

‘ऊर्जासंपन्न बंध’ हा शब्द आला 1941 साली, फ्रिट्झ लिपमान यांच्याकडून. त्यांनी तो नागमोडी रेघेने दाखवला. त्यांच्या मांडणीत भर होता तो फॉस्फेट दुसऱ्या रेणूला देण्याच्या क्षमतेवर, आणि पेशीतली बरीच कामं तशीच चालतात. ग्लुकोजला फॉस्फेट जोडायला मोलमागे 13.8 किलोज्यूल लागतात. हेक्झोकायनेज हे विकर एटीपीवरचा फॉस्फेट थेट ग्लुकोजवर ठेवतं, आणि दोन्ही मिळून अभिक्रिया उताराची होते. ऊर्जा आधी सुटली आणि मग कुणीतरी ती पकडली, असं मध्ये काही घडतच नाही. नुसती सुटली असती, तर तिने फक्त पाणी गरम केलं असतं.

मुलांच्या गुणांची तुमची काळजी मला कळते, मीही पेपर तपासले आहेत. पर्यायांत ‘ऊर्जासंपन्न बंध’ असेल तर त्यांनी खुशाल तो निवडावा. पण दीर्घोत्तरात ‘बंध तुटल्यामुळे’ऐवजी ‘एटीपीचं जलअपघटन होताना’ एवढं लिहिलं, तर गुण कापायला काही कारण उरत नाही आणि केमिस्ट्रीच्या पेपरशी भांडणही मिटतं. तुमच्या वर्गात एकदा तो फ्रीजरच्या बाटलीचा प्रश्न विचारून बघाल का? मुलं काय उत्तरं देतात ते मला नक्की कळवा. सुब्बारावांबद्दलचा परिच्छेद लेखात आज घातला आहे.