कापा, पण वाक्य पूर्ण ठेवून

परदेशातल्या मराठी मंडळांच्या ईमेल-यादीवर कुणी सांगितलं की उत्तर देताना आधीचा मजकूर छाटा आणि मुद्द्याखाली लिहा, तर भारतातल्या सभासदांकडून दोन आक्षेप हमखास येतात. एक, ऑफिसात अख्खी ट्रेल, म्हणजे आधीच्या सगळ्या मेलची साखळी, खाली ठेवायची शिस्त असते, उद्या पुरावा लागला तर हाताशी हवी म्हणून. दोन, एखाद्या ज्येष्ठाचं पत्र तोडून ओळीओळीखाली उत्तर देणं उलटतपासणीसारखं वाटतं. दोन्हींत तथ्य आहे. तरीही चर्चेच्या यादीवर छाटायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

ऑफिसात मेल चालू असतानाच माणसं बदलतात. पाचव्या मेलला साहेबांना सीसीत घेतलं की त्यांना मागचं सगळं लागतंच. जर्मनीतल्या कचेऱ्यांतही आउटलुकवर असंच चालतं. पण त्याच जर्मनीत तांत्रिक चर्चांच्या याद्यांवर या पद्धतीला 'टोफू' म्हणतात आणि नव्या माणसाला लगेच टोकतात: उत्तर वर, अख्खं पत्र खाली, असं इथे चालणार नाही. यादीवर आधीचं पत्र सगळ्यांना पोचलेलं असतं, मग ते पुन्हा कशाला? नेटवरच्या शिष्टाचारासाठी 1995 साली निघालेल्या आरएफसी 1855 या मार्गदर्शक दस्तऐवजातही हेच आहे: संदर्भ लागेल एवढाच मूळ मजकूर ठेवा.

मराठी याद्यांवर याची गरज जास्तच आहे, कारण सभासद तीन खंडांत विखुरलेले. हिवाळ्यात पुणे बर्लिनच्या साडेचार तास पुढे, न्यू जर्सीच्या साडेदहा तास. गणेशोत्सवाबद्दल पुण्याहून चार प्रश्न गेले आणि न्यू जर्सीहून नुसतं 'हो, चालेल' आलं, तर मधल्या वेळेत आणखी पाच पत्रं येऊन गेलेली असतात. काय चालेल? असं लिहिलं तर शोधावं लागत नाही (ओळीआधी बाण म्हणजे तो आधीच्या पत्रातला मजकूर):

> हॉल शनिवारीच मिळतोय. शनिवार ठरवूया का?

हो, पण सकाळी दहानंतर.

> मूर्ती शाडूची की कागदाच्या लगद्याची?

शाडूची.

जीमेलमध्ये जुना मजकूर तीन ठिपक्यांमागे दडतो, त्यामुळे आपण किती ओझं पाठवतोय ते पाठवणाऱ्याला दिसतच नाही. उत्तर लिहिण्याआधी ते ठिपके दाबा, मजकूर उघडा, नको ते पुसा. थंडरबर्डमध्ये किंवा आयफोनच्या मेलमध्ये हवा तो भाग निवडून मग उत्तराचं बटण दाबलं की तेवढंच उद्धृत होतं. साधारण 102 केबीपुढचं पत्र जीमेल अर्धवट दाखवतं, आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, म्हणजे रोमन अक्षराच्या तिप्पट. मराठी ट्रेल त्या मर्यादेला लवकर जाऊन भिडते.

'अमुक यांनी लिहिलं' ही ओळ मात्र पुसू नका. ती गेली की दोन बाणांचं वाक्य कुणाचं आणि एका बाणाचं कुणाचं हे कळत नाही, आणि भलत्याच माणसाला उत्तर जातं. दोन पातळ्यांपेक्षा जास्त उद्धृत ठेवू नये. त्या ओळीतला ईमेल पत्ता आणि सहीखालचा फोन नंबर काढावा, विशेषतः यादीचा संग्रह सर्वांना खुला असेल तर.

आता मानाचा प्रश्न. खरा अपमान होतो तो चुकीच्या जागी कापल्याने, आणि मराठीत हा धोका मोठा आहे, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'हा ठराव मंजूर करायला माझी हरकत नाही' यातला शेवटचा शब्द गळला की अर्थ उलटा. 'वर्गणी वाढवली की लोक येणं बंद करतील, असं काहींचं म्हणणं आहे' हे स्वल्पविरामाशी कापलं, तर दुसऱ्यांचं मत लिहिणाऱ्याच्या माथी बसतं. म्हणून पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत घ्या, मधलं गाळलं तर तिथे तीन टिंबं द्या, आणि शब्द बदलू नका, शुद्धलेखनसुद्धा. सुरुवातीला 'नमस्कार काका' आणि जे पटलं ते एका ओळीत लिहा, मग मुद्दे. सात मुद्दे असतील तर सातही तुकडे पाडू नका. जिथे खरंच मतभेद आहे असे दोन-तीन घ्या. एवढं केलं की ती उलटतपासणी वाटत नाही.

दिवसभराची पत्रं एकगठ्ठा मागवणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. गठ्ठ्यालाच उत्तर दिलं की विषयाच्या जागी गठ्ठ्याचा क्रमांक जातो आणि खाली सगळी पत्रं लटकतात. विषय हाताने लिहा, बाकी पुसा. उलट, नवा विषय काढायचा तर जुन्या पत्राला उत्तर देऊन फक्त शीर्षक बदलू नका. पत्राच्या शीर्षभागात जुन्या पत्राचा ओळख-क्रमांक तसाच राहतो आणि बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तुमची नवी चर्चा जुन्या धाग्यात गडप होते.

खासगीत आलेलं उत्तर यादीवर उद्धृत करायचं असेल, तर आधी त्या माणसाला विचारा. भारतातून अनेक जण यादीवर न बोलता एकट्यालाच लिहितात, कारण यादीवर त्यांचे नातेवाईक असतात. हे ओळखून वागावं. परवानगी आली नाही तर त्यांचा मुद्दाही आपल्या नावाने मांडू नये.