‘ट्रिगर अजून जडच आहे’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार दादा,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की मुलीच्या एअर रायफलचा ट्रिगर हलका करायला दिला, ८ दिवस सांगून २२ दिवस लावले, नुसतं तेलपाणी करून १,८०० रुपये घेतले आणि ट्रिगर अजून जडच. दुसरा एक दुकानदार ट्रिगर २०० ग्रॅमच्या ओढीवर आणून देतो म्हणतोय आणि १० मीटर रायफलला तशी किमान अटही नाही, असंही.

२२ दिवसांचं खरं आहे. ट्रिगरची स्प्रिंग यायला उशीर झाला, तो मी फोन करून कळवायला हवा होता. उलट तुम्हालाच तीनदा फोन करावा लागला. माफ करा.

तेलपाण्याचं मात्र पटलं नाही. रायफल आली तेव्हा ट्रिगर २ किलो ६०० ग्रॅमला सुटत होता, गेली तेव्हा १ किलो ३०० ला. दोन्ही वेळा पाच-पाचदा काट्यावर ओढून सरासरी काढली आणि तुमच्या बिलाच्या मागे पेनाने लिहिली. बिल उलटून बघा. सिअरच्या, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत स्प्रिंगचा जोर अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, तोंडावर मशिनिंगचे आडवे ओरखडे होते, नख फिरवलं तरी लागत होते. ओढताना मुलीला खरखर जाणवायची ती त्यांचीच. तेवढे दगडावर गुळगुळीत केले, स्प्रिंग बदलली आणि थांबलो.

थांबलो कारण क्लबमधल्या ज्या मॅच रायफली तुम्ही बघता त्या कॉम्प्रेस्ड एअरच्या. तिथे सिअरला हवा सोडणारा एक छोटा हॅमर तेवढा अडवायचा असतो. तुमची स्प्रिंगची, बॅरल खाली वाकवून भरायची. दाबलेल्या मेन स्प्रिंगचा सगळा जोर सिअरच्या त्या नखाएवढ्या कडेवर. अजून घासलं की वरचा कडक थर जातो आणि खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. काही दिवस ट्रिगर लोण्यासारखा चालेल, मग एखाद्या दिवशी छर्रा घालतानाच सुटेल. उघडी बॅरल खाडकन मिटते हो, आणि मुलीची बोटं तिथेच असतात. स्पर्धेत १० मीटर पिस्तुलाच्या ट्रिगरला ५०० ग्रॅमची किमान अट आहे, १० मीटर रायफलला नाही, हे तुमचं बरोबर. पण या रायफलीला २०० ग्रॅम झेपणार नाहीत. दुसरे करून देत असतील, मी देणार नाही.

आणखी एक राहिलं. ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे. आधी मोकळी ओढ, मग बोटाला अडल्यासारखं लागतं, तिथे थांबून पुढचं दाबायचं. एका दमात ओढला तर जडच लागणार. हे मुलीला समोर बसवून दाखवायचं होतं, पण न्यायला पुतण्या आला आणि गर्दीत मी रायफल तशीच त्याच्या हातात दिली.

शनिवारी सहानंतर तिला घेऊन या, रायफल आणि नेहमीचे छर्रे आणा. काट्यावर तुम्ही स्वतः ओढा. आकडा दीड किलोच्या वर गेला तर १,८०० परत. उशिरापायी ३०० रुपये बाजूला काढून ठेवलेत, ते तसेही घेऊन जा.